बारा-दहा, नऊ मिनिटं

“उठला का?”

मैदानावर कुणी पडला आणि जरा जास्त वेळ तसाच राहिला की काका मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे आणि मला एवढंच विचारायचे. मी “उठला” म्हटलं की वळायचे. नाही म्हटलं तर खाली बसून बुटाची नाडी सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. आता तुम्हीच सांगा, रग्बी लीगमध्ये पडायला का मुहूर्त लागतो? खेळच तो आहे. दोन्हीकडे तेरा-तेरा धटिंगण, अंड्यासारखा चेंडू, तो घेऊन धावणाऱ्याला जमिनीवर लोळवायचं, आणि सहा वेळा लोळवलं की चेंडू समोरच्यांचा. ऐंशी मिनिटं हाच उद्योग. त्यात सत्तरीच्या माणसाने पाठ फिरवायची तरी किती वेळा?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला वाटलं, काकांची मान धरत असेल, म्हणून वळत असतील. धंद्याने माणूस असा होतो, सगळीकडे माना आणि गुडघेच दिसतात.

आठवडाभर मी सिंगापुरात नोव्हेना भागातल्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे खांदे वर-खाली करते. शनिवार तेवढा माझा. तर नवऱ्याच्या बँकेतला एक साहेब या क्लबात खेळायचा. “दोन-तीन शनिवार घोट्यांना पट्ट्या बांधायला येशील का?” असं त्याने विचारलं आणि नवऱ्याने माझ्या वतीने परस्पर हो म्हणून टाकलं. त्याला सात वर्षं झाली. साहेब सिडनीला परत गेला, नवरा शनिवारी दुपारी पंख्याखाली झोपतो, आणि मी उन्हात बसून लोकांचे घामट पाय मांडीवर घेते. लेक इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणते, “मम्मी, जस्ट से नो, लह.” तिला काय जातंय म्हणायला!

पहिल्याच शनिवारी एक ताडमाड गडी पाय स्थिर ठेवेना. मी वैतागून मराठीत म्हणाले, “अरे मेल्या, हलवू नकोस ना पाय!”

मागून आवाज आला, “मेल्या नका म्हणू हो बाई. दोन लेकरांचा बाप आहे तो.”

वळून बघते तर किरकोळ अंगाचा, पांढऱ्या मिशीचा माणूस नळावर पाण्याच्या बाटल्या भरत होता. अंगात क्लबाची जर्सी, ती जवळजवळ गुडघ्याला टेकलेली. इथे कुठल्याही वयस्क माणसाला अंकल म्हणतात, तसे सगळे त्यांना अंकल म्हणायचे. मी काका म्हणायला लागले. ते मला डॉक्टरीणबाई म्हणायचे.

“अहो, मी डॉक्टर नाही, काका.”

“असू द्या. पट्टी बांधता ना? मग झालं.”

बाटल्या भरायचे ते, पण मैदानात पाणी घेऊन धावायचं काम दुसरी माणसं करायची. जुने खेळाडू सांगायचे की एके काळी अंकलसारखा पाणी नेणारा आख्ख्या सिंगापुरात नव्हता. मी म्हटलं, वय झालं, सोडलं असेल. विचारलं नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता कुणाला काही विचारायची ताकद माझ्यात नसते.

काका मूळचे कराडकडचे. तीसेक वर्षांपूर्वी इथे आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मशीन दुरुस्त करायला आले. एकदा कंपनीची सहल ईस्ट कोस्टला गेली. तिथे वाळूत काकांनी चार सहकाऱ्यांना कबड्डी शिकवली आणि भरात येऊन आपल्या इंग्रज साहेबाचा घोटा असा धरला की साहेब तोंडावर आपटला. उठला, तोंडातली वाळू थुंकली आणि म्हणाला, “शनिवारी मैदानावर ये.” हा साहेब क्लब काढणाऱ्यांपैकी एक. काका गेले, पोरांना घोटा धरायला शिकवू लागले. पुढे कंपनी दुसऱ्या देशात गेली, साहेब इंग्लंडला गेला, काकू देवाघरी गेल्या, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली. काका शनिवारी मैदानावर येतच राहिले.

खेळाडूंना ते नावाने ओळखायचे नाहीत, जर्सीच्या नंबराने ओळखायचे. “जुना सात”, “टकला दोन”, “सध्याचा नऊ”.

“असं का हो?” मी एकदा विचारलं.

“नावं पाठ करून दमलो, डॉक्टरीणबाई. इथं माणूस येतो, दोन वर्षं खेळतो, कामाचा पास संपला की विमानात बसतो. नाव घेऊन जातो, नंबर ठेवून जातो.”

आता या गोष्टीत मी कशी अडकले ते सांगते. क्लबाचा वर्धापनदिन आला आणि अध्यक्षांना हुक्की आली, क्लबाच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायची. गाजलेले खेळाडू, गाजलेले सामने. कागदपत्रं कुणाकडेच नव्हती. सगळं होतं ते काकांच्या डोक्यात, आणि काकांचं इंग्रजी म्हणजे मैदानावर ओरडण्यापुरतं. मग काय, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. काकांनी मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत लिहायचं.

दर बुधवारी संध्याकाळी, क्लिनिक सुटल्यावर, मी आंग मो किओला त्यांच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जायचे. मी लॅपटॉप उघडायचे, ते कॉफीत बिस्किट बुडवायचे. माझे डोळे मिटत असायचे. पण खरं सांगते, काका बोलायला लागले की झोप उडायची.

“पहिला एक नंबर. शाळामास्तर. सामना सुरू होईपर्यंत रेषेबाहेर बसून निबंध तपासायचा. वरून कितीही उंच चेंडू येऊ दे, हातातून सुटायचा नाही. सुटला तो एकदाच.”

“का?”

“एका पोराची आई रेषेवर उभी राहून मार्कांचं विचारत होती.”

दहा नंबर टोंगाहून आलेला इलेक्ट्रिशियन. तो समोरच्याला उचलून आपटायचा आणि मग हात देऊन उठवताना सॉरी म्हणायचा. रेफरीने एकदा विचारलं, एवढं वाईट वाटतं तर पाडतोस कशाला? तर म्हणे, “पाडल्याचं नाही वाटत. माझ्या वजनाचं वाटतं.”

मग विजेचा सामना. इथे वीज जवळ आली की मैदानावर भोंगा होतो, खेळ थांबवून सगळ्यांनी छपराखाली पळायचं. त्या दिवशी चार वेळा भोंगा झाला. पाचव्यांदा रस्त्यावर कुठल्याशा लॉरीने हॉर्न दिला आणि समोरचे निम्मे गडी सवयीने छपराकडे पळाले. जुना सात चेंडू घेऊन चालत गेला, रेषेपलीकडे ठेवला आणि परत आला. त्यावर पुढे दोन्ही क्लबांचं सहा महिने बोलणं नव्हतं.

आणि अकरा माणसांचा सामना. दोघं आलेच नाहीत, म्हणून काकांनाच जर्सी घालून कडेला उभं केलं. वय तेव्हा चाळिशीच्या पुढे. दैवाने चेंडू त्यांच्याच हातात आला, समोर कुणी नाही. काका सुसाट निघाले, रेषेपलीकडे पोचले. आता चेंडू जमिनीला टेकवायचा की झालं काम. काकांनी काय करावं? रेषेपलीकडे पाय टेकवला आणि श्वास कोंडून, चेंडू काखेत धरून, उलटे आपल्या बाजूला धावत सुटले! कबड्डीतली चढाई हो, शिवून परत यायचं असतं ना. समोरचे हसून हसून खाली बसले. तरीही एकाने काकांना मध्यरेषेवर पाडलंच.

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची म्हातारी वळून बघायला लागली. काका हसले नाहीत.

“सवय, डॉक्टरीणबाई,” म्हणाले. “डोकं विचार करायच्या आत सवय काम उरकून मोकळी होते.”

हे सगळं लिहून झालं तरी तेरा नंबरचं नाव निघेना. क्लबात कुणालाही विचारा, सगळ्यात मोठा खेळाडू कोण, तर तेरा नंबर. सगळ्यात मोठा सामना कुठला, तर क्वालालंपूरहून आलेल्या संघाशी झाला तो, आणि तोही तेरा नंबरनेच जिंकून दिलेला. बारमध्ये त्याचा फोटो आहे: कपाळाला रक्ताळलेली पट्टी, तोंडभर हसू, चेंडू पोटाशी धरलेला. मी क्लबात आले तेव्हा त्याचा खेळ संपून काळ लोटला होता. एवढंच ऐकून होते की पन्नाशीतच त्याची स्मृती गेली आहे, बायको त्याचं सगळं करते, आणि काका दर रविवारी त्याच्या घरी जातात.

“तिथे जाऊन काय करता हो?”

“त्याला सामने सांगतो. त्याला आठवत नाहीत.”

मी मनात चित्र काढून ठेवलं होतं: सोफा, पंखा, चहा, दोन जुने मित्र. आपण अशी चित्रं काढतो आणि निवांत होतो.

शेवटी एका बुधवारी मीच म्हणाले, “काका, तेरा राहिला.”

त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं. “सांगतो. पण जसं सांगतो तसं लिहायचं. अक्षर गाळायचं नाही.”

“बरं.”

“बरं नाही. हो म्हणा.”

“हो.”

तेरा नंबर आंग मो किओचाच, लिफ्ट दुरुस्त करणारा. बोलणं कमी. काकांच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहायचा, दोघं मैदानावर एकाच बसने जायचे. काका पाणी घेऊन धावत तेव्हा त्यांची एक पद्धत होती. खेळणाऱ्याला दमल्यावर काही सुचत नाही, म्हणून बाटली हातात द्यायच्या आधी ते तीन गोष्टी कानात ओरडायचे: स्कोअर किती, मिनिटं किती उरली, चढाई कुठल्या बाजूला. मग पाणी. सगळ्या संघाला त्याची इतकी सवय झाली होती की अंकल दिसले की पोरं तोंडाआधी कान पुढे करायची.

“आणि डोक्याला मार लागला तर,” काका म्हणाले, “तेव्हा आपल्या क्लबाची रीत होती. डॉक्टर कुठला? मीच. जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. स्कोअर किती, मिनिटं किती उरली, आपण कुठल्या बाजूला चढतोय. तिन्ही बरोबर आली तर खेळ, नाहीतर बाहेर.”

मला तेव्हाच कळलं.

“त्या दिवशी दोघांची डोकी आपटली. असा आवाज आला, डॉक्टरीणबाई, नारळ फोडल्यासारखा. मी धावलो. तो गुडघ्यावर होता, कपाळ फुटलेलं, डोळे उघडे. मी खाली बसलो, बाटली पुढे केली, आणि तोंडातून निघून गेलं: बारा-दहा, आपण मागे, नऊ मिनिटं, रस्त्याच्या बाजूला. रोजच्यासारखं. मग पट्टी बांधली. मग विचारलं, स्कोअर किती? म्हणाला, बारा-दहा, अंकल. मिनिटं? नऊ. कुठली बाजू? त्याने रस्त्याकडे बोट दाखवलं.”

समोरच्या स्टॉलवर नूडल्सची कढई खणखणत होती.

“रेफरीने विचारलं, ठीक आहे का? मी अंगठा वर केला. आधी मी उत्तरं दिली आणि मग मीच पेपर घेतला. त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. शेवटच्या मिनिटाला त्याने चेंडू नेला, चौदा-बारा झालं, सगळे नाचले. मीही नाचलो. बसमध्ये घरी येताना त्याने मला विचारलं, ‘अंकल, आज मॅच कुणाशी होती?’ तेव्हा माझ्या लक्षात आलं.”

“मग डॉक्टरकडे…”

“चल म्हटलं. म्हणाला, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी त्याला सगळं नीट आठवत होतं, म्हणजे तसं म्हणाला. पुढच्या शनिवारी खेळला. मी कुणाला बोललो नाही. अजून दोन वर्षं खेळला तो, अजून किती वेळा डोकं आपटलं असेल.”

मी जे सांगायचं ते सांगितलं. की त्या एका आघातामुळेच हे झालं असं कुणीही डॉक्टर छातीठोकपणे म्हणणार नाही. की बारा-बारा वर्षं खेळलेल्या माणसाच्या डोक्याचा हिशेब असा एका दुपारवर लावता येत नाही. हे खरंच आहे. रोज पेशंटना सांगते तसं मी ते मऊ आवाजात सांगितलं.

“ते तुमचं बरोबर असेल,” काका म्हणाले. “मी त्याच्या आजाराचं लिहा म्हणत नाही. मी काय केलं ते लिहा. माझं नाव घालून लिहा. आजची पाणी नेणारी पोरं ते वाचतील. आणि…” वाक्य अर्धवट सोडून म्हणाले, “लिहिलंत का? वाचून दाखवा.”

मी इंग्रजीत लिहिलेलं मराठीत करून वाचून दाखवलं. दोनदा. त्यांनी मान डोलावली आणि उरलेलं बिस्किट खाल्लं.

आता माझं सांगते. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, मी तो परिच्छेद काढून टाकला. त्या जागी लिहिलं: “ट्रेनरने तपासल्यावर तो पुन्हा मैदानात उतरला आणि इतिहास घडवला.” इतिहास घडवला! मला हे असं लिहिता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

का काढलं? स्वतःला सांगितलं की म्हातारा माणूस आहे, हृदयात दोन स्टेंट आहेत, आयुष्यभर क्लबासाठी राबला, त्याला शेवटी असा गावभर उघडा कशाला पाडा. झालं गेलं, गंगेला मिळालं. आपल्याकडे हेच म्हणतात ना, आणि म्हणणाऱ्याला सगळे समजूतदार म्हणतात. पण ही दया म्हणाल तर अर्धीच खरी. उरलेलं अर्धं कंटाळा. तो परिच्छेद ठेवला असता तर अध्यक्षांचा फोन, मग समितीची बैठक, मग वकील, मग मुलांच्या पालकांच्या ईमेल, आणि या सगळ्याला उत्तरं मी द्यायची. मी दमले होते हो. मला शनिवारी झोपायचं होतं. आणि काकांना इंग्रजी कितीसं येतं, असंही मनात आलंच. तेही लिहून टाकते.

वर्धापनदिनाला पुस्तिका वाटली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. काकांना स्टेजवर बोलावून पहिली प्रत दिली, टाळ्या झाल्या. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तेरा नंबरचं पान काढलं. ओळीखाली बोट धरून वाचत होते. पानाच्या शेवटी बोट थांबलं, परत वर गेलं, पुन्हा खाली आलं. मी दूर उभी राहून समोसा खात असल्याचं नाटक करत होते.

नंतर ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

“छपाई छान आहे,” म्हणाले. “दमलात ना? घरी जा, झोपा जरा.”

त्यापुढचे दोन शनिवार काका आले, बाटल्या भरल्या, माझ्याशी नेहमीसारखं बोलले. तिसऱ्या शनिवारी आले नाहीत. शेजाऱ्याने दार वाजवलं, मग पोलिसांना बोलावलं. झोपेतच गेले होते. मुलगी मेलबर्नहून आली. अंत्यविधीला किती नंबर आले म्हणून सांगू! पोट सुटलेला जुना सात आला, टकला दोन आला, दहा नंबरने टोंगाहून व्हिडिओवर प्रार्थना म्हटली. तेरा नंबरच्या घरचं मात्र कुणी नव्हतं. मला रागच आला. इतकी वर्षं ज्यांच्या घरी काकांनी रविवारचा रविवार घातला, त्यांना एक तास काढता येऊ नये?

त्यानंतरच्या शनिवारी नळावर बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही, भरायच्या असतात म्हणून. मी एकेक भरायला घेतली आणि तिसऱ्या बाटलीला रडू फुटलं. रडताना चीडच जास्त आली, स्वतःची. एका माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली, तीही स्वतःची लाज चारचौघांत मांडायची परवानगी, आणि ती मी जेवणाच्या डब्याशेजारी बसून पुसून टाकली.

सोमवारी मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला, काकांनी सांगितला तसा. खाली आणखी एक ओळ घातली: “हे त्यांनी स्वतः छापायला सांगितलं होतं. ते मी गाळलं.” आणि सही केली. अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, “आता? माणूस गेला. त्याला शांत राहू दे.” मी म्हणाले, “शांत तो नव्हता, आपण होतो.” त्यांना ते पटलं नाही. मी छपाईवाल्याकडून त्या मजकुराच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि क्लबाच्या खोलीत उरलेल्या प्रतींत एकेक चिकटवत बसले. ज्यांनी आधीच नेल्या होत्या त्यांना टपालाने पाठवल्या. फोन आले. बैठक झाली. पालकांच्या ईमेल आल्या. सगळ्यांना उत्तरं दिली. ज्याला मी एवढी घाबरत होते ते सगळं चार दिवसांत उरकलं.

पहिली प्रत मात्र हातानेच द्यायची होती. रविवारी सकाळी मी तेरा नंबरच्या घरी गेले. सरकारी ब्लॉक, नववा मजला, लांबच लांब कॉरिडॉर. इथे दाराबाहेर लोखंडी जाळीचं गेट असतं, दिवसा दार उघडं आणि गेट बंद. गेटाच्या आत, अगदी जाळीला लागून, एक खुर्ची होती आणि खुर्चीत तो बसला होता. फोटोतला तोच, फक्त केस पांढरे आणि खांदे उतरलेले. शर्टाची बटणं नीट लावलेली. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा कॉरिडॉरकडे बघत होता.

बायको आतून आली. मी सांगितलं मी कोण ते. तिने गेट उघडलं नाही. मी जाळीतून पुस्तिका आत दिली, चिठ्ठीचं पान उघडून.

तिने उभ्याने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“म्हणजे त्याने खरंच सांगितलं होतं तुला,” ती इंग्रजीत म्हणाली.

“हो.”

“यांना विसर पडायला लागला त्या वर्षी तो आला होता. इथेच उभा राहून सगळं सांगितलं मला. रडला. मी म्हटलं, मला सांगून काय उपयोग? जिथे लोक वाचतात तिथे लिही. ते लिहिशील त्या दिवशी मी गेट उघडेन.”

मला क्षणभर समजलं नाही. “म्हणजे काका आत…?”

“कधीच नाही. दर रविवारी यायचा. हे इथे आत बसायचे, तो तिथे, तू उभी आहेस तिथे. तासभर उभा राहून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मॅच सांगायचा. यांना आवडायचं, म्हणून मी दार लावून घेतलं नाही. पण गेट नाही उघडलं.” तिने पुस्तिका मिटली. “पुस्तक छापून झालं तेव्हा घेऊन आला. मी पान वाचलं. त्यात काहीच नव्हतं. मी म्हटलं, अंकल, तू खोटारडा आहेस. तर म्हणाला, माझंच इंग्रजी कच्चं, मला नीट सांगता आलं नाही.”

मी जाळी घट्ट धरली.

“त्या दिवशी मी आतलं दारही लावलं,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी तो आला होता. वाजवलं त्याने. मी उघडलं नाही.”

मला तिला सांगायचं होतं की तुझा काही दोष नाही, तुला काय माहीत, लबाडी माझी. तसं म्हणालेही बहुतेक. तिने ऐकलं की नाही ठाऊक नाही. ती आत गेली आणि किल्ली घेऊन आली. कुलूप काढलं, गेट भिंतीपर्यंत उघडलं आणि बाजूला झाली.

“ये,” म्हणाली.

तेरा नंबर खुर्चीतून उठला. वाट करून द्यायला त्याने खुर्ची मागे ओढली आणि माझ्या पाठीमागे, रिकाम्या कॉरिडॉरमध्ये बघत राहिला.

ते बोलावणं माझं नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी मी चपला काढल्या आणि आत गेले. कुणीतरी जायला हवं होतं.